मानेवरचा सांधा

१

इसवी सन १९२६. शरद ऋतू सरत आला होता. सुझौच्या कालव्यांतून शिंगाड्यांच्या होड्या फिरत होत्या आणि सकाळी उठल्यावर जाड बंडी अंगात घालावी लागत होती.

अशाच एका सकाळी जेड कोरणाऱ्या मो मास्तरांची नात आमान घरामागच्या घाटावरून पाण्यात पडली. सहा वर्षांची पोर. होडीवाल्या बाईने लांबूनच शिंगाडे दाखवले, पोर हात पुढे करून वाकली आणि शेवाळावरून तिचा पाय सटकला. होडीवाली ओरडली तेव्हा मास्तर दगड कापायच्या चाकावर बसले होते. ते धावले. तोवर होडीवालीने बांबूची आकडी पोरीच्या लाल कुडत्यात अडकवून तिला पायरीवर ओढलं होतं. पोर हलत नव्हती. ओठ निळे पडले होते. सून रुईफांग दारातून पोरीला हाका मारत होती. मास्तरांनी पोरीला पालथं धरलं आणि पाठीवर थापट्या मारल्या. आधी पाणी आलं. मग शेवाळ आलं. मग रडणं आलं.

पोरीच्या गळ्यातली बाहुली मोडल्याचं दुपारी लक्षात आलं.

बाहुली म्हणजे जेडचा एक बोटभर उंचीचा माणूस. दोन्ही हात बाह्यांत घातलेले, डोळे मिटलेले. कोरणाऱ्याने डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन रेघा ओढल्या होत्या. डोक्यापासून पायापर्यंत आरपार भोक, त्यातून दोरा. फार जुना माल. तो मास्तरांचा नव्हता. जुन्या वस्तूंचे व्यापारी थाओ शेठ यांचा होता. शेकडो वर्षं जमिनीखाली राहून त्याचं पाणी गेलं होतं, पेजेवरच्या शिळ्या सायीसारखा रंग झाला होता. असा दगड माणसाच्या अंगावर राहिला की त्याचं तेज परत येतं, आणि लेकराच्या अंगावर लवकर येतं. गल्लीत सगळेच तसं करत. मास्तरांनी वसंतात तो आमानच्या गळ्यात घातला होता. रंग चढायलाही लागला होता.

आता मान एकीकडे आणि धड एकीकडे.

थाओ शेठ संध्याकाळी आले. पोट पुढे, छत्री मागे. त्यांनी दोन्ही तुकडे पाहिले, आमानला पाहिलं, आणि हसले.

"झालं ते उत्तम झालं, मास्तर."

"तुमचा माल मोडला माझ्या घरात."

"मोडला नाही, कामी आला. पोरीवरचं त्याने स्वतःवर घेतलं. एरवी आज या घरात रडारड असती. तुकडे लाल फडक्यात गुंडाळा आणि ती पडली तिथेच सोडून द्या. विषय संपला."

"नुकसान तुमचं झालंय."

"कसलं नुकसान? अहो, माझ्या मालाने जीव वाचवला. वर्षभर चहाच्या दुकानात बसून हीच गोष्ट सांगेन. दहा गिऱ्हाइकं वाढतील."

मास्तर हसले नाहीत. ते कधीच हसत नसत.

२

मो मास्तरांनी जन्मात कुणाचं काही ठेवून घेतलं नव्हतं. बायको गेली तेव्हा शेजाऱ्यांनी भाताचे वाडगे आणून दिले. तेही त्यांनी भरून परत केले होते. मुलगा पटकीने गेला, तेव्हा गल्लीने खांदा द्यायला माणसं पाठवली. मास्तरांनी प्रत्येकाच्या घरी जाऊन, वाकून, तो खांदा फेडला होता.

आता उपकार कुणाचे, तर दगडाचे. ते त्यांना गिळवेनात.

"मामंजी, शेठ म्हणाले तसं ते पाण्यात सोडून द्या ना," रुईफांग म्हणाली. ती खिडकीशी भरतकामाची चौकट घेऊन बसली होती. पोटासाठी ती रेशमावर मासे आणि फुलं भरायची.

"सोडतो."

"कधी?"

"तू तुझ्या माशांकडे बघ."

"माझे मासे कुठे पळत नाहीत. तुमचंच काय ते समजत नाही."

मास्तर कामाच्या खोलीत गेले. तुकडे उजेडात धरले. मोड स्वच्छ होती. कुठे कपचा उडाला नव्हता. असा मोडलेला दगड त्यांनी कित्येकदा सांधला होता. या घरात आलेली वस्तू मोडकी बाहेर गेली नव्हती. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून नाही.

त्यांनी गिरमिटाने दोन्ही तुकड्यांत बारीक भोकं पाडली. बायकोच्या कानातली रिंग वितळवून तिच्या सोन्याच्या दोन तारा त्यात बसवल्या. रोगणात जेडची भुकटी कालवून सांधा भरला. रोगण ओलीत वाळतं. म्हणून पेटीच्या तळाशी पाणी शिंपडून बाहुली आत ठेवली आणि झाकण लावलं.

हातावरची भुकटी झटकताना त्यांना बरं वाटलं. आता कुणाचं काही देणं नव्हतं.

३

मास्तरांची रोजची एक रीत होती. सकाळी चाकावर बसण्याआधी ते फळीवरचा एकेक दगड उचलून गालाला लावत. जेड गार असतं. उन्हाळ्यातही गार असतं. काच, हाड, संगमरवर, सगळ्यांचा गारवा वेगळा. त्यांच्या गालाला तो कळे.

बाहुली पेटीतून काढून त्यांनी गालाला लावली. कोमट होती.

त्यांनी दुसऱ्या गालाला लावली. तीच गत.

चूल भिंतीपलीकडे आहे, त्यांच्या मनात आलं. भिंत तापली असेल. त्यांनी भिंतीला हात लावला. भिंत गार होती. मग रोगण वाळताना ऊब धरत असेल. चाळीस वर्षांत रोगणाने कधी ऊब धरली नव्हती, पण हे रोगण नव्या दुकानातलं होतं. नव्या दुकानदारांचा काय भरवसा.

पेटीच्या तळाशी बोटभर पाणी साचलं होतं. एवढं आपण शिंपडलं नव्हतं. त्यांनी ते घाटावर नेऊन ओतलं.

पेजेला बसल्यावर रुईफांग म्हणाली, "पोरीचे हात किती गार लागतायत."

"ऋतू बदलतोय."

"माझे नाही लागत ते?"

"तू दिवसभर जीभ चालवतेस. त्याने ऊब राहते."

रुईफांगने नाक मुरडलं आणि आमानच्या वाडग्यात खारवलेली पानं वाढली. आमानने खाल्लं. मुकाट्याने खाल्लं. एरवी ती पानं बघून तोंड फिरवणारी पोर.

४

दोन-तीन दिवसांनी मास्तरांनी सांधा तपासायला बाहुली खिडकीशी नेली. सांध्याची रेघ राहते. केसाएवढी का होईना, राहते. कितीही मोठा कारागीर असो, दगड स्वतःहून जुळत नाही.

रेघ दिसेना.

त्यांनी भिंग लावलं. मान फिरवून फिरवून पाहिली. नखाने चाचपली. नख कुठे अडलं नाही. गळ्याखालून छातीपर्यंत दगड एकसंध वाहत गेला होता.

मास्तरांची छाती फुगली. खोटं कशाला सांगायचं. त्या क्षणी त्यांना भीती वाटली नाही. त्यांना वाटलं, या वयात आपला हात असा चालतो. वडील असते तर त्यांना नेऊन दाखवलं असतं. त्यांनी रुईफांगला हाक मारली.

"ये. मोड कुठे होती ते शोध."

तिने हात पुसले आणि बाहुली घेतली. सुईच्या कामाने तिचे डोळे तयार झाले होते. बराच वेळ तिने पाहिलं.

"सापडत नाही."

"सापडणार नाही."

"मामंजी, ही ओली का आहे?"

"पेटीतली ओल."

"आणि गरम का आहे?"

मास्तरांनी बाहुली तिच्या हातातून काढून घेतली. "तुझ्या हाताने झाली."

जाताना तिने तो हात कपड्याला पुसला आणि पुन्हा एकदा पुसला.

५

त्यानंतर टपटप सुरू झाली.

मास्तर चाक चालवत बसले की चाकाच्या घरघरीत ती ऐकू येत नसे. पाय थांबला की ऐकू येई. एक थेंब. मग मध्ये थोडं थांबून दुसरा. त्यांनी दगड घासायच्या वाळूची कुंडी पाहिली. कोरडी. छप्पर पाहिलं. पाऊस नव्हताच. फळीखाली जमीन ओली होती, आणि फळीवर बाहुलीची पेटी. त्यांनी ओल बोटाने उचलून जिभेला लावली. विहिरीचं पाणी नव्हतं. शेवाळाची चव होती. कालव्याची.

माडीवरून रुईफांगचा आवाज आला.

"कुठे गेली होतीस? सांग! केस ओले कसे झाले?"

"कुठे नाही."

"घाटावर गेलीस? पाय मोडून ठेवीन, समजलं?"

"आई, मी इथेच होते."

मास्तर जिन्याच्या तळाशी उभे राहून ऐकत होते. पोर माडीवरून उतरली नव्हती. उतरली असती तर ती त्यांच्यासमोरूनच जायला हवी होती. ते सकाळपासून जिन्यासमोर बसले होते. हे त्यांना माहीत होतं, आणि तरी ते वर जाऊन सुनेला सांगायला धजले नाहीत.

दुपारी आमान त्यांच्याजवळ येऊन चौरंगावर बसली. नेहमी बसायची तशीच. पूर्वी ती विचारत बसायची, हे काय कोरताय, याला नाक का नाही, त्याला शेपूट द्या. आज गप्प होती. मास्तर पाय मारत होते. वाळू दगडावर करकरत होती.

"आजोबा."

"काय ग?"

"हात द्या ना."

त्यांनी चाक थांबवून डावा हात पुढे केला. तिने तो धरला. तिची बोटं इतकी गार होती की मास्तरांच्या मनात नको ते आलं. सकाळी गालाला लावतो त्या दगडासारखी.

"धरलाय ना हात?"

"हो."

"मग?"

ती त्यांच्याकडे बघत होती. पण नजर त्यांच्या तोंडावर नव्हती. वर होती, त्यांच्या डोक्याच्या बरीच वर, छतापाशी. खोल जागेतला माणूस वरच्या उजेडाकडे बघतो तशी.

"आजोबा, हात द्या ना," ती परत म्हणाली. "किती वेळ झाला."

६

थाओ शेठ दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेवरून जाता जाता आत आले. हातात कमळकाकड्यांची जुडी होती.

"काय मास्तर, आज चाक बंद? स्वारी आजारी की काय?"

"बसा. तुमचा माल घेऊन जा."

"कुठला माल?"

मास्तरांनी पेटी पुढे सरकवली. शेठनी झाकण उघडलं. त्यांचं हसू तसंच राहिलं, पण त्यामागचा माणूस निघून गेला.

"पाण्यात सोडायला सांगितलं होतं."

"या घरातून मोडकी वस्तू जात नाही."

"मी मागितली होती का?"

"न मागता दिलेलंच मला पचत नाही, शेठ. सांधा शोधा."

शेठनी रुमालात धरून बाहुली उचलली. भिंग काढलं. बराच वेळ गेला. बाहेर एक होडी गेली, बाई शिंगाडे ओरडत होती.

"तार घातली असेल आत?"

"सोन्याची. दोन."

"चला, उन्हात धरू."

दोघं अंगणात आले. ऊन चांगलं पडलं होतं. पातळ जेड उन्हात धरलं की आतून उजळतं, आणि आत काही असेल तर सावली दिसते. शेठनी बाहुली उन्हासमोर धरली. दगड मधासारखा उजळला. दोऱ्याचं भोक सरळ रेघेसारखं दिसलं. बाकी काही नव्हतं. तार नव्हती. तारेसाठी पाडलेली भोकं नव्हती. मास्तरांनी बायकोची रिंग स्वतःच्या हाताने वितळवली होती.

शेठ फार हळू बोलले. "मास्तर, हा सांधलेला दगड नाही."

"मी सांधलाय."

"हा मोडलेलाच नाही. कधीच मोडला नाही." त्यांनी बाहुली परत पेटीत ठेवली आणि पेटी स्वतःपासून दूर सारली. "हा मोडला नसेल, तर त्या दिवशी पोरीवरचं कुणी घेतलं?"

माडीवर आमान खोकली. ओला, घुसमटलेला खोकला. दोघांनी वर पाहिलं.

"घेऊन जा हा," मास्तर म्हणाले.

"माझा नाही तो आता. पोरीच्या जिवापोटी त्याने जे भरलं होतं, ते तुम्ही त्याला परत केलंत." शेठ छत्री विसरून निघाले. दारात थांबले. "मो मास्तर, एकदा तरी कुणाचे उपकार घ्यायचे होते हो."

७

मास्तरांनी बाहुली दगडी पाट्यावर ठेवली आणि घणाने मारली. घणाला खाच पडली. पुन्हा मारली. पाटा तडकला. बाहुलीवर ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी ती चाकाला लावली, वाळू ओतली, पाय मारला. त्यांचं चाक कोणतंही जेड कापत असे, वेळ लागे एवढंच. वाळूचं पीठ झालं. दगड होता तसा राहिला. कोमट. मिटलेल्या डोळ्यांचा.

त्या डोळ्यांकडे त्यांनी एकदाच पाहिलं. परत पाहिलं नाही. त्या दोन रेघांखाली त्यांना ओल दिसली होती. पाण्याची असेल. सगळं ओलंच होतं.

"मामंजी!"

रुईफांग जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. केस सुटलेले, हातात ओली चादर.

"दोनदा कपडे बदलले. दोन्ही चिंब. मामंजी, हिच्या तोंडातून पाणी येतंय. मी पुसतेय आणि ते येतंच आहे."

मास्तर वर गेले. आमान गादीवर पडली होती. ओठ त्या सकाळसारखे निळे झाले होते. एक हात अंथरुणातून वर उचललेला होता, बोटं पसरलेली. रुईफांगने तो हात खाली केला. हात परत वर गेला.

"वैद्यांना आणते," रुईफांग म्हणाली.

"तू तिच्यापाशी बस. तिला उरापाशी धर. काही झालं तरी खाली यायचं नाही."

"तुम्ही कुठे निघालात?"

"जरा खाली जाऊन येतो."

"मामंजी, मला काय ते सांगा. आयुष्यात एकदा तरी सांगा."

मास्तरांनी नातीच्या कपाळावर हात ठेवला. दगड ओळखायला ठेवत तसा नाही. त्यांना तसा हात ठेवायची सवय नव्हती, तो अवघडून राहिला.

"चूक माझी झाली," ते म्हणाले. हे शब्द त्यांच्या सुनेने त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. ती जास्त घाबरली.

८

भर दुपार होती. घाटावर कुणी नव्हतं. समोरच्या घरांची कौलं पाण्यात दिसत होती. मास्तरांनी बाहुली वरच्या पायरीवर ठेवली. गळ्यात घातली नाही. तिच्याकडे आता काही मागायचं नव्हतं.

ते एकेक पायरी उतरले. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. शेवाळावर पाय टिकत नव्हता. कमरेइतक्या पाण्यात ते थांबले आणि खाली पाहिलं.

तळाला घाटाच्या पायऱ्या अंधारात जात होत्या. त्यांना वाटत होतं त्याहून कितीतरी जास्त पायऱ्या होत्या. त्यातल्या एका पायरीवर लाल काहीतरी होतं. कापड असेल, त्यांच्या मनात आलं. कुणाच्या दोरीवरून उडालेलं. मग ते कापड हललं. प्रवाह उजवीकडे जात होता, ते वर आलं. एक बाही. बाहीतून एक हात. लहान, पांढरा, बोटं पसरलेला.

तोंड दिसलं नाही. मास्तरांनी पाहायचा प्रयत्नही केला नाही.

त्यांनी वाकून हात पाण्यात घातला. पाणी छातीला आलं, हनुवटीला आलं. बोटांना बोटं लागली.

"धर," मास्तर म्हणाले. "मी आलोय."

बोटं मिटली. त्यांनी सगळा जोर लावून ती वर ओढली. काहीतरी त्यांच्या हातावरून, खांद्यावरून, एखादं पोर कडेवरून निसटून पळावं तसं वर निघून गेलं. त्याला वजन होतं. मग वजन गेलं. आणि त्यांच्या पायाखालची पायरी तिथे नव्हती.

माडीवर आमानने मोठ्याने श्वास ओढला आणि भोकाड पसरलं. रुईफांगने तिला छातीशी घट्ट धरलं. पोरीचे गाल गरम होते, आसवं गरम होती.

घाटावर पाणी हललं आणि शांत झालं. वरच्या पायरीवर बाहुलीची मान एकीकडे पडली होती आणि धड एकीकडे.

देणं फिटलं.